रिपोर्ट येतो तोवर पाणी पिऊन झालेलं असतं

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की नागपुरात दरवर्षी त्याच तक्रारी सुरू होतात, नळाला गढूळ पाणी येऊन राहिलं, वास मारून राहिलं, पोरांना जुलाब लागले. मग कोणी झोन ऑफिसला फोन करतं, कोणी कॉलनीच्या ग्रुपवर बादलीचा फोटो टाकतं, कोणीतरी येऊन सॅम्पल घेऊन जातं आणि सगळे रिपोर्टची वाट बघत बसतात. रिपोर्ट दोन दिवसांनी येतो, कधी चार दिवसांनी, मधे रविवार आला तर आणखी पुढे. आणि तोवर त्या गल्लीतल्या प्रत्येक घरानं तेच पाणी प्यायलेलं असतं, त्यातच भात शिजवलेला असतो, लहान लेकराची बाटली त्यातच धुतलेली असते.

मी पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ही वाट बघणं मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघत आलेय. म्हणून गेली काही वर्षं ज्या छोट्या चिपवाल्या मशीन्सची चर्चा सुरू आहे, म्हणजे पूर्ण लॅबचं काम काडेपेटीएवढ्या तुकड्यावर करून तासा-दीड तासात जंतू आहेत का नाहीत ते सांगणाऱ्या, त्यांच्याबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. पण आपल्याकडे चर्चा फक्त मशीनची होते, किती लहान, किती फास्ट, कुठल्या देशात बनली. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा तासाभरात कळलं की या लाईनच्या पाण्यात घाण जंतू आहेत, तर त्या क्षणी कोणी काय करायचं? व्हॉल्व बंद करायचा अधिकार कोणाला? लोकांना कोण सांगणार? की तरीही 'पक्का रिपोर्ट येऊ द्या' म्हणून थांबायचं? कारण थांबायचंच असेल तर मग चिप घेतली काय आणि न घेतली काय, काही फरक पडत नाही. माझं मत स्पष्ट आहे, लोकांना सावध करायला चिपचा निकाल पुरेसा मानला पाहिजे आणि तो मिळाल्यावर तासाभरात हालचाल झाली पाहिजे, पण कोणाला दोषी ठरवायला, दंड करायला, दुकान सील करायला तो पुरेसा मानू नये. हे दोन्ही नियम आधी कागदावर आणा, मशीन मागवायचं टेंडर नंतर काढा.

आधी जुन्या पद्धतीबद्दल सांगते, कारण ती वाईट नाहीये आणि तिला शिव्या घालायचा माझा हेतू नाही. सॅम्पल घेताना नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घ्यायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली भरायची, झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही. बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं, कारण पाण्यातलं क्लोरीन बाटलीत पण जंतू मारत राहतं आणि मग लॅबपर्यंत येता येता नळाची खरी परिस्थिती बदलून जाते. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून लॅबमध्ये आणायची. इथे मॅकॉन्की ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य, भरलेल्या जांभळ्या नळ्या असतात, प्रत्येकीत एक छोटीशी डरहॅम नळी उलटी टाकलेली. ठरलेल्या मापानं पाणी त्यात टाकायचं आणि ३७ अंशावर इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी जांभळा रंग पिवळा झाला असेल आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला असेल तर कोलिफॉर्म जंतू असावेत असं म्हणायचं, नुसतं 'असावेत'. चोवीस तासांत काही दिसलं नाही तर अठ्ठेचाळीस तास थांबायचं. मग ज्या नळ्या पिवळ्या झाल्या त्यांच्यातून पुढच्या माध्यमात घ्यायचं, ४४ अंशाच्या वर ठेवायचं, ई. कोलाय, म्हणजे कोलिफॉर्ममधला विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू, आहे का ते बघायचं, यात अजून एक दिवस जातो. शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या बाटलीचा पक्का निकाल सोमवार-मंगळवारच्या आधी हातात येत नाही, कितीही घाई केली तरी.

एका पावसाळ्यात असाच एक जण स्वतःच बाटली घेऊन आला होता, घरी मुलीला दिवसभर जुलाब, आणि काउंटरवरून हलायला तयार नाही. म्हणाला, "मॅडम, आज रात्री पोरीले काय पाजू ते सांगा, रिपोर्ट मंग द्या." मी म्हटलं पाणी चांगलं खळखळ उकळून गार करून पाजा, ओआरएस द्या आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखवा. हे सांगायला मला एकही नळी बघावी लागली नाही. त्या माणसाला जे आज रात्री हवं होतं आणि आमच्या छापील फॉर्मवर जे मंगळवारी येणार होतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि आपली सगळी यंत्रणा फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी बनलेली आहे.

उशीर का लागतो हे समजून घेतलं तर चिपचं महत्त्व लगेच लक्षात येतं. ई. कोलाय हा एक-दोन मायक्रॉन लांबीचा जंतू, एकटा-दुकटा असेल तर डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही, म्हणून आपण त्याला खायला घालतो, ऊब देतो आणि वाढू देतो. परिस्थिती एकदम छान असेल तर तो साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, म्हणजे एकाचे दहा लाख व्हायला सात तास लागतात, आणि क्लोरीनचा मार खाल्लेले अर्धमेले जंतू तर त्याहून हळू वाढतात. म्हणजे उशीर लॅबवाल्यांच्या आळसामुळे होत नाही, जंतूच्या वाढीच्या वेगामुळे होतो. चिप इथेच वाट बदलते. ती जंतू वाढायची वाट बघत नाही, आहे तोच जंतू पकडते. केसाच्या जाडीच्या नाळ्यांमधून पाण्याचे बारीक थेंब नेते, कुठे त्या जंतूला चिकटणाऱ्या अँटिबॉडीज लावून ठेवलेल्या असतात आणि जंतू चिकटला की विजेच्या वहनात फरक पडतो, कुठे जंतू फोडून त्याच्या डीएनएचा एक ठराविक तुकडा वाढवला जातो. लॅम्प नावाची एक पद्धत आहे, २००० साली जपानमधल्या लोकांनी मांडलेली, तिला डीएनए वाढवायच्या नेहमीच्या पीसीआर पद्धतीप्रमाणे सारखं गरम-थंड करावं लागत नाही, ६०-६५ अंशाला स्थिर ठेवलं तरी काम होतं, म्हणून ती छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या डब्यात बसते.

आणि हे काही कालपरवाचं नाही. १९७९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये स्टीफन टेरी यांनी सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचं पृथक्करण करणारं यंत्र बसवून दाखवलं होतं, १९९० मध्ये अँड्रियास मान्झ यांनी सगळी तपासणी एकाच चिपवर आणायची कल्पना नीट मांडली. ज्यांना वाटतं की हे सगळं परदेशात ठीक आहे, इथे कुठे चालणार, त्यांनी आपल्याच टीबीच्या कार्यक्रमाकडे बघावं. ट्रूनॅट हे मशीन गोव्याच्या कंपनीचं आहे, चिपवर पीसीआर करतं, बॅटरीवर चालतं, तासाभरात टीबीचे जंतू आहेत का ते सांगतं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. एसीची खोली नाही, मायक्रोबायोलॉजिस्ट नाही, तरी तालुक्याच्या ठिकाणी ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन ते चालवतो. टीबीचा जंतू तर इतका हळू वाढतो की त्याच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, आठवडे लागतात. जो पेशंट पूर्वी निकालाची वाट बघता बघता घरच्यांना लागण देत फिरायचा त्याला आता त्याच दिवशी कळू शकतं, आणि मुख्य म्हणजे पॉझिटिव्ह आला तर पुढे काय करायचं, कोणी गोळ्या सुरू करायच्या, नोंद कुठे करायची, हे सगळं आधीच ठरलेलं आहे. पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट नाहीये.

आता चिपच्या अडचणी, आणि या मी मोकळेपणानं सांगणार कारण विकणारे सांगत नाहीत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, १०० मिली पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये असं आहे. आणि चिपच्या नाळीत एका वेळी जातात समजा दहा मायक्रोलिटर. १०० मिलीमध्ये एकच जंतू असेल तर तो नेमका त्याच थेंबात यायची शक्यता दहा हजारात एक! म्हणजे नुसता थेंब टाकून 'पाणी स्वच्छ' म्हणणारी चिप कितीही हुशार असली तरी काही कामाची नाही. आधी अख्खे १०० मिली बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायचे, फिल्टरवर अडकलेले जंतू थोड्याशा पाण्यात उतरवायचे, किंवा अँटिबॉडी लावलेल्या चुंबकी मण्यांनी ते ओढून घ्यायचे आणि मगच चिपवर द्यायचे. ही आधीची पायरीच खरी कटकटीची आहे, पावसाळ्यातलं गढूळ पाणी फिल्टर चोंदवतं, नाळ्या बुजवतं. एखादी कंपनी डेमोमध्ये ही पायरी न दाखवता थेट चिप दाखवत असेल तर तिला पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरी अडचण मेलेल्या जंतूंची. डीएनए बघणाऱ्या चिपला जंतू जिवंत आहे का क्लोरीननं मेलेला आहे हे सहज कळत नाही, मेल्यावरही डीएनए काही वेळ पाण्यात राहतोच. त्यावर एक खास रंगद्रव्य वापरून मेलेल्या जंतूंचा डीएनए बाजूला काढायची युक्ती आहे, पण तीही शंभर टक्के नाही. आणि तिसरं आपलं ऊन. नागपुरात मे महिन्यात ४५-४६ अंश तापमानात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या एन्झाइम आणि अँटिबॉडीचं काय होणार? वाळवून पावडर केलेली रसायनं बऱ्यापैकी टिकतात, पण ते कोणाच्या ब्रोशरवर विश्वास ठेवून मानू नये, इथल्या उन्हात ठेवून, इथल्या पाण्यावर तपासून बघावं लागेल. म्हणून लॅबमधल्या जांभळ्या नळ्या फेकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही, त्या राहणारच, त्यांचं काम फक्त बदलेल.

इथे कोणी जाणकार म्हणेल की पटकन कळायला आपल्याकडे ओटी टेस्ट आहेच की. बरोबर आहे, आणि तिचा मला आदर आहे, नळाच्या पाण्यात थेंब टाकला की पिवळा रंग येतो आणि शिल्लक क्लोरीन किती ते मिनिटात कळतं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. पण ती क्लोरीन सांगते, जंतू सांगत नाही. माझ्या मते या दोन्ही एकत्र वापरल्या तर नियम बनवणं सोपं जातं. क्लोरीन शून्य आणि चिप पॉझिटिव्ह, तर एक मिनिटही थांबायचं कारण नाही, पाणी बंद करा, लोकांना सांगा. क्लोरीन व्यवस्थित आहे आणि चिप पॉझिटिव्ह आली, तर कदाचित मेलेल्या जंतूंचा डीएनए असेल, पण मग इतके जंतू त्या लाईनमध्ये आलेच कुठून हा प्रश्न उरतोच, म्हणून त्याच दिवशी परत सॅम्पल, कल्चरला बाटली आणि लोकांना साधी सूचना की दोन दिवस उकळून प्या. चिप निगेटिव्ह आहे पण त्या गल्लीत जुलाबाचे पेशंट वाढून राहिलेत, तर चिपचं ऐकायचं नाही, पेशंटचं ऐकायचं.

हे काही मी हवेतून काढलेलं नाही, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी असंच केलं होतं. रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह आली की पॉझिटिव्हच धरायचं, लक्षणं आहेत पण अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची, हा आयसीएमआरचा नियम चौथी शिकलेल्या माणसालाही पाठ झाला होता. म्हणजे कमी-जास्त भरवशाच्या टेस्टवर शहाणपणानं कसं वागायचं ते लोकांना जमतं, फक्त कोणीतरी नियम साध्या भाषेत सांगावा लागतो.

आता दंड-शिक्षेचा भाग, त्यात मी इतकी सावध का आहे ते सांगते. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलायची भयंकर साथ आली, जवळपास ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासच्या वर मेले, अनेकांच्या किडन्या गेल्या. हॅम्बुर्गच्या प्रशासनानं स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे बोट दाखवलं. आणि काकड्यांवर घातक जातीचा ई. कोलाय खरंच सापडला होता! टेस्ट खोटी नव्हती. पण साथ पसरवणारा प्रकार होता ओ१०४:एच४, आणि काकड्यांवरचा प्रकार वेगळा निघाला. शेवटी माग लागला तो मोड आलेल्या धान्यापर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल कोणी घेईना, कोट्यवधी युरोंचं नुकसान झालं, काही चूक नसताना. मला यातून एकच दिसतं, 'सध्या काकडी-टोमॅटो कच्चे खाऊ नका' हे सांगणं तेव्हा योग्यच होतं, त्यात लोकांचं फार तर काही दिवसांचं सॅलड गेलं, पण 'या शेतकऱ्यांनी केलं' हे सांगणं घाईचं होतं.

तेच आपल्या गल्लीत आणून बघा. उद्या एखादा इन्स्पेक्टर हातात चिप घेऊन गुपचुपवाल्याच्या ठेल्यावर गेला, पाणी तपासलं, पॉझिटिव्ह आलं आणि तिथल्या तिथे ठेला उचलला, व्हिडिओ काढून सगळीकडे फिरवला. तो गुपचुपवाला पाणी आणतो कुठून? त्याच नळातून किंवा टँकरमधून, जिथून आपण भरतो. चिंच-पुदिना कितीही स्वच्छ धुतला तरी मूळ पाणीच खराब असेल तर तो काय करणार? अन्न सुरक्षा कायद्यात विश्लेषकाला सॅम्पल मिळाल्यापासून रिपोर्ट द्यायला १४ दिवस दिलेत, ते सावध करायला फार जास्त आहेत हे मान्य, पण एखाद्याची रोजीरोटी बंद करायच्या आधी तेवढी शहानिशा झालीच पाहिजे, त्याला दुसऱ्या लॅबमधून तपासून घ्यायचा हक्क मिळालाच पाहिजे. चिप पॉझिटिव्ह आली तर त्या दिवसाचं पाणी ओतून द्यायला लावा, स्वच्छ पाणी मिळवून द्या, क्लोरीनची गोळी द्या. जलद टेस्ट गरिबाच्या हातगाडीवर पहिले आणि मोठ्या पाईपलाईनवर शेवटी वापरली जाईल ही भीती मला खरोखर वाटते, म्हणून हे आत्ताच लिहून राहिले.

कारण नागपुरात तपासायची खरी जागा पाईपच आहे. आपलं पाणी पेंचहून येतं, कन्हानमधून येतं, शुद्धीकरण केंद्रातून निघतं तेव्हा ते साधारणपणे ठीकच असतं. बिघडतं ते शेवटच्या टप्प्यात. जुन्या वस्त्यांमध्ये पाण्याची लाईन आणि सांडपाण्याची गडर लाईन शेजारी शेजारी, कुठे एकमेकींना ओलांडून गेलेल्या. पाणी चालू असताना आतला दाब घाणीला बाहेर ठेवतो, पण पाणी गेलं की पाईप रिकामा होतो आणि जिथे फट असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात घरोघरी टुल्लू पंप लावलेले, ते नळाला लावून पाणी खेचलं की हेच जोरात होतं. रस्त्याच्या कामासाठी खोदकाम झालं, पाईप फुटला, वरवर जोडला, की पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे. यातली कुठलीही घटना महिन्यातून ठरलेल्या तारखेला घेतलेल्या सॅम्पलमध्ये सापडत नाही. ती सापडते फुटलेला पाईप जोडल्यावर त्याच संध्याकाळी तपासलं तर. चिपची जागा तिथे आहे, दुरुस्तीच्या गाडीत.

आणि दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, मराठवाड्यातून, मुंबईतून, परराज्यातून, रस्तोरस्ती भोजनदान, पाण्याचे तात्पुरते नळ, टँकर, ड्रम. लोक येतात, बाबासाहेबांना वंदन करतात, पुस्तकं घेतात आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसतात. तिथल्या पाण्याचा अठ्ठेचाळीस तासांनी रिपोर्ट आला तर तो कोणाला सांगणार, ज्यांनी प्यायलं ते परभणीला, लातूरला पोचलेले असतात, तिथे जाऊन आजारी पडले तरी ते पाणी कुठलं होतं याचा कोणी माग काढत नाही. प्रत्येक टँकर उघडायच्या आधी तासाभरात तपासता आला तर याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

हे करायला नागपूरइतकं योग्य शहर नाही असं मला वाटतं आणि यात गावाचा अभिमान आहे हे मान्य करते. नीरी ही पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था इथे १९५८ पासून आहे, तेव्हा तिचं नावच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचं होतं, पाणी हाच तिचा मूळ विषय. व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, एम्स आलंय, माफसू हे पशुविज्ञान विद्यापीठ आहे जिथे दूध आणि मांसातल्या जंतूंवर काम चालतं, आणि माणूस-जनावर-पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघणाऱ्या वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये इथेच झाली. एका शहरात इतकं सगळं असताना आपण बाहेरून तयार मशीन आणून फीत कापायची आणि बॅटरी संपली की कपाटात ठेवायची, असं होऊ नये. इथलं गढूळ पाणी, इथलं ऊन, इथले टेक्निशियन घेऊन या चिप तपासा, कुठली टिकते ते जाहीर सांगा.

हे सरकारी संस्थांनी केलं नाही तर बाजार करणार, आणि बाजार कसा करतो ते टीडीएसच्या पेननं आपण बघितलंय. दारावर माणूस येतो, पेन पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, चेहरा गंभीर करतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्याचा जंतूंशी काडीचा संबंध नाही, टीडीएस ५० असलेल्या पाण्यातही कॉलरा असू शकतो आणि ४०० च्या पाण्यात एकही जंतू नसू शकतो. काही जण तर दोन लोखंडी कांड्या पाण्यात टाकून करंट सोडतात, पाणी तपकिरी होतं आणि म्हणतात बघा काकू किती घाण, तो लोखंडाचा गंज असतो, पाण्यातली घाण नाही. उद्या हाच माणूस चिप घेऊन येईल. म्हणून कुठली चिप कोणत्या जंतूसाठी, किती पाणी गाळून, किती वेळा बरोबर आली, याची यादी सरकारी मान्यतेची पाहिजे, आणि त्या यादीत नसलेली चिप दाखवून फिल्टर विकणं गुन्हा ठरवायला पाहिजे.

'लोक घाबरतील' हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, बहुतेक वेळा ज्यांच्या घरी आरओ आहे त्यांच्याकडून. लोक घाबरतात ते काहीच कळत नाही तेव्हा. ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याच्या स्वच्छतेवरून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतात, लाल कार्ड मिळालं म्हणून गाव सोडून कोणी पळालेलं नाही, उलट सरपंचाला विचारणारे वाढतात. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं, म्हणजे साध्या बाईच्या हातात टेस्ट देता येते हे सरकारनं स्वतःच मानलंय. मग शहरातल्या वस्तीला तिच्या पाण्याचा निकाल का कळू नये? वस्तीच्या चौकात बोर्ड लावा, आजची तारीख, क्लोरीन किती, जंतू आढळले की नाही, आणि मेसेज पाठवा जसा वीजबिलाचा येतो.

मात्र नुसतं 'उकळून प्या' सांगून हात झटकायचे नाहीत. सहा माणसांच्या घरात रोजचं वीस लिटर पाणी उकळायचं म्हणजे सिलिंडर किती दिवस पुरणार याचा हिशोब त्या घरच्या बाईला लगेच कळतो, म्हणून ज्या वस्तीला सूचना गेली तिथे त्याच दिवशी तपासलेला टँकर आणि क्लोरीनच्या गोळ्या गेल्याच पाहिजेत. २०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा झाला, माणसं मेली, कारण नळयोजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पिऊन राहिले होते. तिथे चिप असती तरी विहीर धोक्याची आहे इतकंच कळलं असतं. दुसरं पाणी कुठून आणायचं ते चिप सांगत नाही, ते कोणीतरी आणून द्यावं लागतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि या पावसाळ्यापुरती आहे. दोन झोन घ्या, एक जुन्या वस्तीचा, एक नवीन लेआऊटचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक पाईप दुरुस्तीनंतर आणि जिथून जुलाबाची तक्रार येईल तिथून एकाच वेळी दोन सॅम्पल घ्या, एक चिपवर, एक आमच्या जांभळ्या नळ्यांमध्ये. चिप पॉझिटिव्ह आणि क्लोरीन शून्य असेल तर व्हॉल्वमन आणि त्या भागाचा ज्युनिअर इंजिनिअर यांना वरची सही न आणता पाणी बंद करायचा लेखी अधिकार द्या, आणि नंतर कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून त्यांच्यावर कारवाई होणार नाही हेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर कोणीही हात लावणार नाही. चार महिन्यांनी सगळे आकडे उघड करा, चिप किती वेळा बरोबर आली, किती वेळा उगाच ओरडली, किती वेळा गप्प बसली आणि पेशंट मात्र आले, आणि प्रत्येक वेळी निकाल कळल्यापासून व्हॉल्व बंद व्हायला किती मिनिटं लागली. मला सगळ्यात जास्त तो शेवटचा आकडा बघायचाय.